पोच घेतलीस का गं?

बारावीचे निकाल लागले की आमच्या तालुक्याच्या गावात दोन दुकानं रात्री दहापर्यंत उघडी असतात. एक पेढ्यांचं आणि दुसरं झेरॉक्सचं. पेढ्यांच्या दुकानातली गर्दी दोन दिवसांत ओसरते. झेरॉक्सच्या दुकानातली मात्र थेट दिवाळीपर्यंत हटत नाही. प्लास्टिकची फाईल पदराखाली धरून, छत्रीतून पाणी गळत असताना रांगेत उभ्या असलेल्या आया तुम्हीही पाहिल्या असतील. कदाचित त्या रांगेत तुम्हीच असाल.

काय असतं हो त्या फाईलमध्ये? शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचं प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा दाखला, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक. एखाद्या घरात यात आणखी एक कागद असतो, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. एकेका कागदासाठी एकेक रोजगार बुडवलेला असतो. म्हणून अशी फाईल हरवते तेव्हा फक्त कागद हरवत नाहीत. लहान गावात तर मुलीचं पुढचं वर्षच त्या फाईलबरोबर जाऊ शकतं.

मी पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. पंचवीस वर्षं घरोघर जाऊन पैसे गोळा करते. या कामानं मला एक सवय लावली. पैसा असो की कागद, हातातून दिला की त्याची खूण हातात आली पाहिजे. घरातली मुलं मला हसतात. "मोठी आई दुधवाल्याकडूनही पोच घेईल," म्हणतात. पण २०२३ च्या दिवाळीआधी हीच सवय आमच्या घरच्या एका मुलीच्या उपयोगी पडली.

"फाईल इथं नाहीच!"

मुलगी माझ्या धाकट्या जावेची. दीर जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जाऊ घरी ब्लाऊज, परकर शिवून संसार ओढते. मुलगी हुशार. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला, म्हणजे डी. फार्मला, एका अनुदानित कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. फीचा सगळा भार सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर. ती आली तर वर्ष निभणार, नाहीतर नाही, इतका साधा हिशेब.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरला होता. हा अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे आणि तिथून संबंधित खात्याकडे जातो. मध्येच कुठे शंका निघाली तर तो 'सेंड बॅक' होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो. तिचा अर्ज असाच परत आला. उत्पन्नाचा दाखला आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला नीट वाचता येत नाही, असा शेरा होता. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर सांगितलं, "मूळ कागद आणून दे, आम्ही बघतो." पोरीनं फाईलच नेऊन दिली. काउंटरवरच्या भाऊसाहेबांनी ती मागच्या टेबलावर ठेवली. "दोन दिवसांनी ये," म्हणाले.

दोन दिवसांनी गेली तर भाऊसाहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात ऑफिसची रंगरंगोटी निघाली आणि कपाटं व्हरांड्यात आली. त्यानंतर गेली तर उत्तर मिळालं, "फाईल इथं नाहीच. तू दिलीच नसशील. घरी बघ."

पोर रडत घरी आली. आईनं ट्रंक उपसली, गाद्यांखाली पाहिलं, शेवटी मशीनच्या खालचा चिंध्यांचा डबासुद्धा उलटा केला. फाईल घरी नव्हतीच, तर सापडणार कुठून? अर्ज पुन्हा पाठवायची मुदत जेमतेम तीन आठवड्यांची होती.

जाऊ माझ्याकडे आली ती हार मानूनच. "ताई, राहू द्या. त्यांच्याशी कुठं भांडायचं? पोरीला वर्षभर तिथंच शिकायचंय. मी चार ब्लाऊज जास्त घेईन." पण चार ब्लाऊजनी ती फी निघणार नव्हती, हे तिलाही माहीत होतं. त्यातच मुलीच्या मामांनी निरोप धाडला, "एक चांगलं स्थळ आलंय. नाहीतरी शिक्षणाचं अडलंच आहे." मैत्रिणींनो, मला खरी भीती वाटली ती या 'नाहीतरी'ची. मुलींची शिक्षणं कुणी 'बंद' म्हणून करत नाही. ती अशीच 'नाहीतरी' म्हणत सुटतात.

तोंडी नको, लेखी

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कॉलेजात गेलो. आवाज चढवायचा नाही, असं मी दोघींनाही वाटेतच बजावलं होतं. बरोबर नेला होता साध्या कागदावरचा एक अर्ज, प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या काउंटरवर, कोणकोणते कागद दिले, ते एकाखाली एक क्रमांक घालून लिहिलं होतं. त्या दिवशी बरोबर असलेल्या मैत्रिणीचंही नाव होतं. शेवटी दोनच मागण्या होत्या. कागद शोधून द्या. आणि मिळत नसतील तर 'मिळत नाहीत' असं लेखी द्या.

काउंटरवर उत्तर मिळालं, "ठेवून जा." मी म्हटलं, "भाऊसाहेब, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक तेवढा टाका." ते म्हणाले, "त्याची काय गरज?" मी म्हटलं, "गरज तुम्हालाही आहे. उद्या साहेबांनी विचारलं तर तुम्हाला क्रमांक सांगता येईल." त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि शिक्का मारला.

हा शिक्का म्हणजे काय, हे आपल्या बायकांना कुणी शिकवत नाही. शिक्का बसला की आपलं बोलणं ऑफिसच्या आवक नोंदवहीत चढतं. मग 'तुम्ही आलाच नाहीत' असं म्हणता येत नाही. ती गोष्ट कुणाच्या मर्जीवरही उरत नाही.

चार दिवस काहीच हाललं नाही. पाचव्या दिवशी पोरीनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. अनुदानित कॉलेजला तो लागू आहे. महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसेल असा लिहावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला पुराव्यासह अर्ज केला तर ही फीसुद्धा लागत नाही. उत्तर द्यायची मुदत तीस दिवस. तिनं मागितलं एवढंच, की त्या महिन्यात विद्यार्थ्यांकडून मूळ कागद घेतल्याची नोंद कुठे होते, त्या नोंदीची प्रत द्या, आणि माझ्या अर्जावर काय कारवाई झाली ते कळवा.

तीस दिवस लागलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी स्वतः बोलावून घेतलं. माणूस सज्जन होता, खोटं कशाला सांगू? त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. लेटरहेडवर पत्र मिळालं, 'सदर विद्यार्थिनीने मूळ कागदपत्रे कार्यालयात सादर केली होती, सद्यःस्थितीत ती मिळून येत नाहीत.' त्या दोन ओळींचं मोल पुढच्या प्रत्येक ऑफिसात कळलं. पोलीस ठाण्यात कागद गहाळ झाल्याची नोंद करताना तेच पत्र दाखवलं. नोंदीचा दाखलाही हातात मिळाला.

गेलेले कागद पुन्हा जमवताना

कागद हरवला की आपल्याला वाटतं, आता सगळं पहिल्यापासून. पण तसं नसतं. सरकारी कागद म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या नोंदवहीतल्या नोंदीची प्रत. प्रत हरवली तरी नोंद जागेवर असते. ती कुठल्या वहीत आहे, एवढं शोधायचं.

उत्पन्नाचा दाखला सगळ्यात आधी मिळाला, तोही अर्ध्या तासात. जावेनं सेतू केंद्राची पावती शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिनच्या डबीखाली जपून ठेवली होती. तिच्यावर अर्ज क्रमांक होता. दाखला डिजिटल सहीचा असल्यामुळे केंद्रातल्या मुलानं त्या क्रमांकावरून तो पुन्हा छापून दिला. आणि समजा, नव्यानंच काढावा लागला असता, तरी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. मुदतीत मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तहसील कार्यालयातला सेवांचा फलक एकदा उभं राहून वाचा. कोणत्या कामाला किती दिवस, ते त्यावर लिहिलेलं असतं.

मृत्यूचा दाखला जरा फिरवून गेला. जाऊ आधी आमच्या नगरपालिकेत गेली. तिथं नोंद सापडेना. मग लक्षात आलं, की दीर गेले ते जिल्ह्याच्या दवाखान्यात. मृत्यूची नोंद माणूस राहतो त्या गावी होत नाही, जिथं मृत्यू होतो तिथं होते. जन्माचंही तसंच. बाळंतपण माहेरी झालं असेल तर नोंद माहेरच्या गावी. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे किती बायका चुकीच्या खिडकीपुढे उभ्या राहत असतील! दोन तासांचा एसटीचा प्रवास करून आम्ही जिल्ह्याला गेलो. तारीख सांगितली, वही निघाली, फी भरली. मी एकदम पाच प्रती घ्यायला लावल्या. तारीख सांगताना जावेचा आवाज कापला. तो दिवस कुणीही पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये, म्हणूनही जास्त प्रती घ्याव्यात.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची दुय्यम प्रत शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून मिळते. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळं आहेत. शिवाय गुणपत्रिका डिजिलॉकरमध्येही मिळते. २०१५ साली सुरू झालेल्या या सरकारी सोयीत, खात्यानं स्वतः दिलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. आपण मोबाईलवर फोटो काढून त्यात ठेवलेला कागद मात्र फक्त आपल्या सोयीचा, त्याला तो मान नाही. हा फरक मुलींना जरूर सांगा.

वहीतली एक ओळ

फाईलमध्ये आणखी एक कागद होता, दिराचा शाळा सोडल्याचा दाखला. शिष्यवृत्तीला तो लागणार नव्हता. पण जातपडताळणीच्या वेळी त्याचाच आधार झाला होता आणि धाकट्या मुलाच्या पडताळणीलाही तो लागणार होता. मुलीचं पडताळणी प्रमाणपत्र तेवढं ट्रंकेत सुखरूप होतं.

त्यासाठी आम्ही सासरच्या मूळ गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, कोपरे वाळवीनं खाल्लेले. बाईंचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. मग ते थांबलं. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याची तारीख. 'वर्तणूक' या रकान्यात लिहिलं होतं, 'चांगली'. आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात, 'घरची अडचण'.

जाऊ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. नवऱ्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं, शाळा का सुटली ते. मुलगी तिच्या शेजारी उभी होती. कुणी काही बोललं नाही. एसटीत बसल्यावर जाऊ मला म्हणाली, "ताई, मामांना कळवून टाका. स्थळ बघायचं नाही. पोरीच्या दाखल्यावर हे कारण येऊ द्यायचं नाही मला." गेले कित्येक दिवस जी बाई 'राहू द्या' म्हणत होती, ती हे बोलली.

बाईंनी प्रतिज्ञापत्र घेऊन दाखल्याची दुय्यम प्रत दिली आणि रजिस्टरचा उताराही दिला. जुन्या मूळ दाखल्यावरची दिराची सही मात्र गेली ती गेलीच. तो कागद आजतागायत मिळालेला नाही. सगळं परत मिळतं, असं मी म्हणणार नाही.

मुदत संपायला चार दिवस असताना अर्ज पुन्हा गेला. पैसे जमा व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. पण तोवर कॉलेजनं तिला परीक्षेला बसू दिलं आणि फीसाठी अडवलं नाही. प्राचार्यांच्या त्या पत्राचाच तो गुण. तिनं पदविका पूर्ण केली.

हे उपकार नव्हेत

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकत राहिली. आमची जाऊ प्रत्येक काउंटरवर हात जोडून बोलायची, जणू काही ती उसनं मागायला आली आहे. शिष्यवृत्ती म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांचं स्वतःचं कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षणही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर झालं होतं. आपल्या राज्यात आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठीची शुल्क योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते. आणि २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, योजनेत बसणाऱ्या प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला. एवढ्या लोकांनी उघडलेलं दार एका हरवलेल्या फाईलपायी बंद होऊ द्यायचं?

ऑफिसातली माणसं सगळी वाईट नसतात, हेही सांगते. एकेका क्लार्कपुढे शेकडो अर्ज, त्यात सर्व्हर बंद, वरून रोजचे फोन. पण त्यांची अडचण खरी असली तरी तिची किंमत आपल्या मुलीनं का मोजावी?

एवढं जरूर करा

* मूळ कागद काउंटरवर दाखवा, ठेवून येऊ नका. ठेवावाच लागला तर कागदांची यादी दोन प्रतींत करा आणि एकीवर सही, शिक्का, तारीख घ्या.

* प्रत्येक कागदाचा स्वच्छ, चारी कोपरे दिसतील असा स्कॅन करून मुलीच्या ई-मेलवर ठेवा. मोबाईल हरवतो, ई-मेल राहतो.

* महाडीबीटीवरचा अर्ज क्रमांक, सेतूच्या पावत्या, दाखल्यांचे क्रमांक एका वहीत उतरवा. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. दर आठवड्याला स्थिती पाहा. 'सेंड बॅक' झालेला अर्ज मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर तो तिथंच अडकतो.

* बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते बँकेत विचारून घ्या. सगळं मंजूर होऊनही पैसे इथंच अडतात.

* कागद हरवला तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. महिनाभर नुसत्या फेऱ्या मारल्या तर त्याचा पुरावा काहीच राहत नाही.

* झेरॉक्सवर सही घ्यायला दारोदार फिरू नका. २०१५ पासून आपल्या राज्यात बहुतेक कामांना स्वतः सही केलेल्या प्रती आणि स्वयंघोषणापत्र चालतं. कुणी नाही म्हटलं तर 'तसं लेखी द्या' म्हणा.

आणि शेवटी एक सांगते. आपल्या घरांत फाईल असते ती 'ह्यांची'. तीत विमा, सातबारा, लाईट बिल सगळं असतं. आपले आणि मुलींचे कागद कुठल्यातरी पिशवीत. या रविवारी एक फाईल आणा. वर मुलीचं नाव घाला, तिच्याच अक्षरात. कुठला कागद कुठून मिळाला आणि हरवला तर कुठल्या ऑफिसात जायचं, ते आतल्या पानावर तिच्याकडूनच लिहून घ्या. आणि ऑफिसात जाताना तिला बरोबर न्या. नुसतं सोबतीला नव्हे, बोलायला. पहिल्यांदा तिचा आवाज कापेल. दुसऱ्यांदा कमी कापेल. तिसऱ्यांदा ती परत येईल तेव्हा तिच्या हातात शिक्क्याचा कागद असेल, आणि तुम्हाला काही विचारावं लागणार नाही.